केईएमचे डॉ. सेन, आकसलेली झडप आणि कोकणातली माणसं

जैतापूरकर

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्याबद्दल मराठीत काही शोधायला गेलं की तेच एक वाक्य पुढे येतं: फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं आणि रुग्ण काही तासांतच दगावला. वाक्य खरं आहे. पण एवढ्यावर त्या माणसाची बोळवण होते, हे मला फार लागतं. त्यांनी उभ्या केलेल्या खात्यातून बरी होऊन आलेली माणसं आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात गावोगाव होती. काही अजून आहेत. म्हणून हा धागा.

सेन यांचा जन्म १९१५ सालचा, कोलकात्याचा. घडले मात्र परळच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात आणि केईएममध्ये. ही संस्था १९२६ साली सुरू झाली तेव्हा देणगीदारांची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच हवेत. सेन त्याच वातावरणात वाढले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्या काळात याहून चांगलं गाव नव्हतं. चार्ल्स बेली यांनी जून १९४८ मध्ये तिथेच आकसलेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) मोकळी करून दाखवली होती आणि जॉन गिबन त्याच शहरात हृदय-फुप्फुस यंत्रावर काम करत होते. ते यंत्र लावून माणसावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९५३ ची.

सेन परत आले ते परळलाच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएममध्ये झडप मोकळी करण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. आपल्या माणसांचा संबंध इथे येतो. तेव्हा कोकणातल्या पोरासोरांना घसा धरून ताप यायचा, मग सांधे सुजायचे, आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी बाई पहिल्या बाळंतपणाला आली की धाप लागून आडवं पडता यायचं नाही. झडप आकसलेली असायची. 'तिच्या अंगात रक्त नाही' म्हणून घरचे नाचणीची आंबील पाजत बसायचे. ज्यांचं कुणी मुंबईला गिरणीत होतं, ते आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे आणि परळ गाठायचे. कोकण रेल्वे यायला तेव्हा चार दशकं होती.

ती शस्त्रक्रिया कशी होती ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. डाव्या अंगाला फासळ्यांमधून छाती उघडायची. डाव्या कर्णिकेला (हृदयाच्या वरच्या कप्प्याला) एक छोटा पिशवीवजा भाग असतो, त्याच्या बुडाशी बटव्याच्या नाडीसारखा टाका घालून ठेवायचा. मग टोक कापून तर्जनी सरळ आत. हृदय धडधडतंच आहे. डोळ्यांना काही दिसत नाही, जे कळायचं ते बोटाच्या पेराला. रक्ताचा झोत लागतो, झडपेच्या चिकटलेल्या कडा लागतात, कधी चुन्यासारखे कडक झालेले खडे लागतात. त्या कडा दाबून सुट्या करायच्या. बोट आत असेपर्यंत भोक बुजलेलं, म्हणजे रक्त पुढे जात नाही, म्हणून सगळं क्षणांत उरकायचं. थोडं जास्त फाटलं तर झडप उलटी गळायला लागते. बोट बाहेर येताच नाडी आवळायची.

लंडनमध्ये हेन्री सौटार यांनी हेच १९२५ साली एका मुलीवर करून दाखवलं होतं. मुलगी बरी झाली, तरी त्यानंतर एकाही डॉक्टरने त्यांच्याकडे दुसरा रुग्ण धाडला नाही. हृदयाला हात लावायचा नसतो ही समजूत इतकी घट्ट होती. पुढची वीसेक वर्षं वाया गेली. परळला सेन यांनी हे काम रोजच्या यादीत आणलं आणि ते करणारी पुढची पिढी शिकवून तयार केली. डॉ. जी. बी. परुळकर त्यांचेच. पुढे तेही केईएमच्या याच परंपरेचं मोठं नाव झाले. सेन यांना १९६९ साली पद्मभूषण मिळालं, १९८२ साली ते गेले.

तुमच्या घरात, वाडीत कुणाची झडप अशी मोकळी केलेली असेल तर जरूर लिहा.

गिरणगाव

जैतापूरकर, फार बरं केलंत. माझा जन्म लालबागचा, मूळ गाव मालवणजवळ. आमची खोली म्हणजे गाववाल्यांची खोली होती, रात्रपाळीचे दिवसा झोपायचे आणि दिवसपाळीचे रात्री. त्यातच कुणीतरी 'केईमला दाखवायला' आलेलं असायचं. के-ई-एम असं सुटं कुणी म्हणायचंच नाही. माझे वडील पाळीवरून सुटले की रांगेत उभे राहून केसपेपर काढून द्यायचे. गावातून आलेल्या माणसाला ना जिना कळायचा ना ओपीडी. मंडळाच्या वहीत त्यासाठी वेगळं पान होतं: कोण आलं, कुठल्या वॉर्डात आहे, डबा कुणाचा, रक्त कोण देणार. रक्ताला माणसं जमवणं हे मोठं काम, कारण रक्त दिलं तर माणूस खंगतो हा समज.

आमच्या शेजारची एक वयनी झडपेचं ऑपरेशन करून गावी परत गेली. पुढच्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा ती विहिरीवरून कळशी घेऊन येताना दिसली. आईने तिला विचारलं तर म्हणाली, "माका आता दम लागणा नाय." आईने तिथेच पदर डोळ्यांना लावला.

दाभोळखाडी

मी फिजिशियन आहे, खेड-दापोली भागात बरीच वर्षं प्रॅक्टिस. जैतापूरकरांनी वर्णन अचूक केलं आहे, आजाराबद्दल, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाबद्दल, थोडी भर घालतो.

घशाला स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा संसर्ग होतो. शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. जंतूची काही प्रथिनं आपल्या हृदयातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असल्याने तीच प्रतिपिंडं झडपांवर उलटतात. सांध्यांची सूज जाते, मागे काही राहत नाही. झडप मात्र प्रत्येक झटक्यात थोडी थोडी जाड होते, कडा चिकटतात. दाटीवाटीने राहणं, एका अंथरुणात चार पोरं झोपणं, घसा दुखला तर हळद-मिठाच्या गुळण्यांवर भागवणं, या सगळ्याने तो पसरतो. म्हणजे आजार गरिबीचा. पाश्चात्त्य देशांत राहणीमान सुधारलं तसा तो ओसरला, आपल्याकडे तरुण मुलं-मुली त्याने जात राहिली. सेन यांच्यासारख्या शल्यविशारदांसमोर रोज हीच रांग होती.

बोटानंतर टब्ज डायलेटर आला. दोन पात्यांचं हे हत्यार डाव्या जवनिकेच्या (खालच्या कप्प्याच्या) टोकातून आत घालायचं आणि कर्णिकेतल्या बोटाने त्याला वाट दाखवायची. १९८४ मध्ये जपानच्या कानजी इनोउए यांनी फुग्याची पद्धत प्रसिद्ध केली. आता जांघेतल्या शिरेतून नळी घालून फुगा झडपेपर्यंत नेतात आणि फुगवतात, माणूस दोन-तीन दिवसांत घरी. पण तत्त्व तेच आहे, चिकटलेल्या कडा सुट्या करायच्या. हल्ली माझ्याकडे डाव्या स्तनाखालून पाठीपर्यंत गेलेला लांब व्रण घेऊन एखादी आजी आली की मी आधी तिच्याशी बोलत बसतो. केसपेपर नंतर.

शंकासुर

धागा चांगला आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. झडपेच्या कामाबद्दल दुमत नाही. १९६८ च्या प्रत्यारोपणाचं काय? केप टाऊनला बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ ला पहिलं केलं आणि जगभर चढाओढ लागली. बर्नार्ड यांचा पहिला रुग्ण १८ दिवस जगला. १९६८ मध्ये जगात शंभराच्या आसपास प्रत्यारोपणं झाली आणि बहुतेक रुग्ण लवकरच गेले. मेंदूमृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्डचा अहवाल ऑगस्ट १९६८ चा, म्हणजे सेन यांच्या शस्त्रक्रियेनंतरचा. आपल्याकडे अवयव प्रत्यारोपणाचा कायदा आला १९९४ साली. मग फेब्रुवारीत एका माणसाचं हृदय दुसऱ्याला बसवताना पहिला माणूस नेमका कधी मेला असं धरलं? आणि ज्या राज्यात हा झडपेचा आजार रोखणारं पेनिसिलीनचं इंजेक्शन खेड्यात पोचत नव्हतं, तिथे ही शर्यत हवी होती का?

जैतापूरकर

शंकासुर, प्रश्न रास्त आहे आणि मला तो टाळायचा नाही.

चढाओढ होती हे खरं. पण सेन त्या लाटेत अचानक उडी घेणाऱ्यांपैकी नव्हते. परळच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयप्रत्यारोपणाचे प्रयोग आधीची कित्येक वर्षं चालू होते. माणसावरचं त्यांचं प्रत्यारोपण जगातलं सहावं. त्यांच्या आधी ते फक्त बर्नार्ड, कँट्रोविट्झ आणि शमवे या तिघांनी केलं होतं. महापालिकेच्या रुग्णालयात, गिरणी कामगारांच्या वस्तीत, स्वतः जुळवलेल्या साहित्यावर एक खातं त्या रांगेत चौथं उभं राहतं, हे माझ्या मते निव्वळ हौसेने होत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरं केलं. तोही रुग्ण वाचला नाही. तिथे ते थांबले, आणि हे थांबणं मला मोठं वाटतं. जगातल्या बहुतेक केंद्रांनी थांबवलं, शमवे मात्र स्टॅनफर्डला नेटाने करत राहिले. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून लागणारं सायक्लोस्पोरिन ८० च्या दशकात हाताशी आलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. दिल्लीत एम्सला डॉ. वेणुगोपाल यांनी ऑगस्ट १९९४ मध्ये केलेलं प्रत्यारोपण हे आपल्याकडचं पहिलं यशस्वी, कायदा आल्यानंतरचं. केईएममध्ये पुन्हा हृदय बसवलं गेलं ते थेट २०२४ मध्ये.

मृत्यू कधी धरायचा, याला तेव्हा जगात कुठेच एकमताचं उत्तर नव्हतं. तुम्ही त्यावर बोट ठेवलंत ते योग्यच केलंत. त्या काळच्या प्रत्येक प्रत्यारोपणाला हा प्रश्न विचारायला हवा, केप टाऊनच्याही. पण शर्यत की पेनिसिलीन, अशी निवड सेन यांच्यापुढे ठेवणं मला पटत नाही. खेड्यात इंजेक्शन पोचवायचं काम सरकारचं होतं. त्यांच्या दारात जे आले त्यांच्यासाठी ते रोज उभे राहिले.

दाभोळखाडी

बसवलेलं हृदय काही तासांतच का थकायचं, त्याची वैद्यकीय बाजू सांगतो. जुनाट हृदयविकारात फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वर्षानुवर्षं वाढत जातो. रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाची उजवी बाजू हळूहळू त्या दाबाला सरावलेली असते. दात्याचं हृदय निरोगी माणसाचं, त्याला असा दाब कधी भेटलेलाच नसतो. ते बसवलं की उजवी बाजू काही तासांत थकते. आज प्रत्यारोपणाआधी हा दाब मोजूनच रुग्ण निवडतात, फार असेल तर नकार देतात. १९६८ मध्ये हे ज्ञान तयार होत होतं, आणि अशाच अपयशांतून तयार होत होतं.

कुडाळकर बाळा

सेन यांच्या सापाच्या हृदयाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाचा स्नायू स्पंजवजा असतो, आतल्या पोकळीतलं रक्त थेट स्नायूत झिरपतं. सेन यांना वाटलं, माणसाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्या तुंबल्या तर डाव्या जवनिकेच्या भिंतीला सुईने बारीक भोकं पाडून स्नायूला आतूनच रक्त का देऊ नये? १९६५ साली त्यांच्या गटाने हे प्रसिद्ध केलं. भोकं पुढे बुजतात असं दिसलं, बायपास आला आणि हा विचार मागे पडला. पण ८० च्या दशकात अमेरिकेत मिरहोसेनी यांनी सुईऐवजी लेझर वापरून तोच मार्ग पुन्हा धरला, आणि ९० च्या दशकात तिथे अशा उपचाराला सरकारी मान्यताही मिळाली. त्याचा फायदा नेमका कशाने होतो यावर वाद आहेत. कल्पना मात्र परळची!

साप निघालाच आहे तर विंचवाचंही सांगतो. लाल विंचू चावला की माणूस हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यावर चालते हे खेड्यातल्या दवाखान्यात राहून सिद्ध केलं आणि लॅन्सेटमध्ये छापून आणलं. ते शल्यविशारद नव्हेत, पण कोकणात हृदयाचं बोलायचं आणि त्यांचं नाव घ्यायचं नाही असं कसं चालेल.

सुरंगी

मी वेंगुर्ल्याची. मुंबईत पालिकेच्या रुग्णालयांत परिचारिका म्हणून नोकरी झाली, त्यातली काही वर्षं छातीच्या शस्त्रक्रियांच्या वॉर्डात. सेन सरांचा काळ मी पाहिलेला नाही, मी नंतरची. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांचे विद्यार्थी आम्हाला सर म्हणून होते, त्यामुळे पद्धती तिथूनच आलेल्या.

डॉक्टरांनी शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं, मी रात्रीबद्दल लिहिते. छाती उघडलेल्या पेशंटच्या अंगातून एक नळी निघून पलंगाखालच्या काचेच्या बाटलीत जायची. बाटलीत पाणी, नळीचं टोक पाण्याखाली. पेशंटने श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढायचं, सोडला की खाली. बाटलीवर चिकटपट्टी लावून तासातासाला पेनने रेघ मारायची आणि बाजूला वेळ लिहायची, म्हणजे किती रक्त आलं ते कळतं. दोन रेघांमधलं अंतर वाढलं की धावत जाऊन हाऊसमनला (निवासी डॉक्टरला) उठवायचं. पाण्याची हालचाल थांबली तर नळीत गुठळी अडकली का बघायचं, नळी बोटांनी पिळत खाली आणायची. बाटली पेशंटच्या छातीच्या पातळीवर कधीही उचलायची नाही, पाणी उलटं छातीत जाईल. नवीन मावशी फरशी पुसायला आली की आधी हे सांगायचं, मग बादली आत.

गावाकडच्या बायका दुखतं म्हणून खोकायच्या नाहीत. खोकलं नाही तर फुप्फुस फुलत नाही, न्यूमोनिया होतो. मी त्यांच्या छातीवर उशी दाबून धरायची आणि मालवणीत बोलायला लागायची. आपली भाषा ऐकली की त्यांना धीर यायचा, आणि खोकायच्या. डिस्चार्जच्या दिवशी मी प्रत्येकीला एकच सांगायची, दर एकवीस दिवसांनी घ्यायचं पेनिसिलीनचं इंजेक्शन चुकवू नका. आणि तेच चुकायचं. पाऊस लागला, साकव वाहून गेला, लावणी आली, गणपती आले. काही जणी पाच-सात वर्षांनी पुन्हा त्याच वॉर्डात यायच्या, झडप पुन्हा आकसलेली. शल्यविशारदाने एवढं केलेलं काम तिथे वाया जायचं, आणि मला ते फार लागायचं.

पाणंद

सुरंगीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझ्या आईची झडप मोकळी करण्यापलीकडे गेली होती, बदलावी लागली. चित्रा झडप बसवली आहे, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने तयार केलेली. पहिली १९९० मध्ये बसवली गेली. परदेशी झडपेच्या मानाने बरीच स्वस्त पडते. स्वयंपाकघरात सगळं शांत असलं की तिचा टिक-टिक आवाज ऐकू येतो. रक्त पातळ ठेवायला गोळी असिट्रोमची, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासत राहायचं. आमच्या तालुक्याच्या एका लॅबने एकदा भलताच आकडा दिला, नशिबाने डॉक्टरांना संशय आला आणि त्यांनी पुन्हा करून घेतला. तेव्हापासून आम्ही सावंतवाडीहून गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात जातो तेव्हाच तपासतो.

एक गोष्ट इथल्या लोकांना उपयोगी पडेल. पहिल्या पावसात टाकळा, कुरडू, फोडशी अशा भाज्या घरात येतात आणि आठ-पंधरा दिवस रोज तेच पानात. त्यात आईचा आयएनआर खाली यायचा, कारण हिरव्या पालेभाज्यांतलं जीवनसत्त्व 'के' गोळीच्या उलट काम करतं. भाजी सोडायची नाही, बाराही महिने सारख्या प्रमाणात खायची, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे.

अबोली

सगळं वाचून धडकी भरली म्हणून विचारते. माझी पुतणी बारा वर्षांची, राजापूरजवळ गावात असते. गेल्या महिन्यात घसा आणि ताप झाला. आता उजवा गुडघा सुजून उतरला आणि लगेच डावा घोटा सुजला. घरचे म्हणतात शाळेत पडली असेल. दाभोळखाडी डॉक्टर, हे तेच का?

दाभोळखाडी

अबोलीताई, न तपासता निदान सांगता येणार नाही, पण सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरत असेल आणि आधी घसा धरला असेल तर थांबू नका. उद्याच दाखवा. डॉक्टर छाती ऐकतील. रक्ताच्या एएसओ, ईएसआर, सीआरपी या तपासण्या, ईसीजी आणि एको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. एको महत्त्वाचा, कारण झडपेची सुरुवातीची गळती पुष्कळदा कानाला ऐकू येत नाही. तोपर्यंत तिला पळापळ करू देऊ नका, आणि सांधा दुखतो म्हणून दुकानातून गोळ्या आणून देऊ नका, त्याने सूज दबते आणि निदान चुकतं.

निघालंच तर बेंझाथिन पेनिसिलीन, तिच्या वजनाप्रमाणे, दर एकवीस दिवसांनी. पहिल्या वेळी सोसतं का ते पाहून रुग्णालयातच द्यायचं. किती वर्षं ते झडपेवर अवलंबून. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं त्यांनाही सांगा, त्या कार्यक्रमात हा आजार आहे, पुढच्या तपासण्या आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया त्यातून होते. मोठ्यांसाठी महात्मा फुले योजना आहे.

अबोली

दिराला फोन केला. सकाळच्या गाडीने रत्नागिरीला नेतायत.

सुरंगी

अबोली, इंजेक्शन सुरू झालं तर तारखा कॅलेंडरवर आधीच लिहून भिंतीला लावायला सांग, आणि जी गणपतीच्या दिवसांत येईल ती दोन दिवस आधी घ्यायची. उशिरा नको. ते दुखतं, मुलं रडतात, तिला आधी सांगून ठेवा. रात्री काही विचारायचं असेल तर मला इथेच निरोप टाक, मी जागी असते.

अबोली

आताच फोन आला. एकोत मायट्रल झडपेला थोडी गळती आहे, आकसलेली नाही. दाखल करून घेतलंय, पहिलं इंजेक्शन दिलं. पुढची तारीख माझ्याही कॅलेंडरवर लिहिली.